बायकांनी विचारलं होतं

ही गोष्ट माझ्या नवऱ्याला कधी कळली नाही, मुलांना आजही माहीत नाही. सरोजालाही कळली नाही — आणि आता सरोजा गेली. तिला पोचवून आल्यापासून लिहायला बसते आहे. दोन ओळी लिहिते, थांबते.

बाहत्तरच्या दुष्काळात आम्ही नगरला समाजकार्य शिकत होतो. सरोजाचा जन्म ब्रह्मदेशातला. तिथल्या सरकारनं भारतीयांना हुसकावलं, तेव्हा घरदार सोडून ती भिंगारला, लष्करी छावणीत कारकून असलेल्या मामाकडे आली. मराठी छान बोलायची, फक्त सूर वेगळा. 'काय रंगूनवाली, बोट कधी सुटते?' — वर्गातली मुलं विचारायची. ती हसायची. मी हसत नसे — पण बोलतही नसे. यालाच मी मैत्री समजत होते का?

क्षेत्रकार्यासाठी आम्ही दोघी पाथर्डीकडे एका दुष्काळी कामावर जात असू. खडी फोडणाऱ्या बायकांशी बोलायचं, त्यांचा विश्वास मिळवायचा. त्यात नापास झालं की पदवी गेली. मी जवळ गेले की बायका पदर सावरायच्या. 'बाई, तुमी सावलीत बसा, लई धुरळा हाय.' आणि तिला? भागूबाई नावाची म्हातारी लांबूनच ओरडायची, 'ए रंगूने, हितं ये! तुजं गाव सुटलं, आमचं बी सुटायला आलंय. बस!'

मी इथलीच. माझ्या वडिलांची शेती, माझी भाषा, माझी माणसं — आणि ती माणसं सरोजाशी बोलत होती.

एके दिवशी क्षेत्रकार्य बघणाऱ्या सरांनी वर्गात सगळ्यांसमोर विचारलं, 'सरोजा बाहेरची. खेड्यातल्या लोकांशी तिचं जुळतं का? तू जोडीदार, तू सांग.' माझ्याबद्दल असं कुणी कधी विचारलं नव्हतं. सरोजा निर्धास्त होती — मी सांगणार होते ना!

मी म्हणाले, 'लोक तिला परकी समजतात, सर. तिच्याजवळ मोकळं बोलत नाहीत.'

माझंच अपयश मी तिच्या नावावर सांगितलं. ती काही बोलू लागली, तर सर म्हणाले, 'तुझ्या उच्चारांमुळे होतं गं ते.' तिला त्या कामावरून काढलं, शहरात मदतीचे जुने कपडे निवडायला बसवलं. वर्षअखेरीस क्षेत्रकार्यात नापास केलं. मी पास झाले. पुढे हाच विषय मी आयुष्यभर शिकवला.

तिला राग आला असता तर? पण तिनं विश्वास ठेवला. 'माझ्यामागं बायका असं बोलायच्या होय गं? बरं झालं तू सांगितलंस.' त्यानंतर ती कुठल्याच खेड्यात गेली नाही. मला मात्र दर दिवाळीला भेटत राहिली. दर दिवाळीला सांगता आलं असतं.

आणि हेही पुरतं नाही. आणखी एक आहे.

तिला काढल्यावर मी एकटी कामावर गेले. बायकांनी हातोड्या खाली ठेवल्या. 'रंगूनवाली कुठं हाय?' भागूबाईनं विचारलं. तेव्हा तरी खरं बोलता आलं असतं. बायका सरांपर्यंत आल्या असत्या, नक्की आल्या असत्या. मी म्हणाले, 'तिला आता इथं यायचं नाही.'

भागूबाई उठून माझ्याजवळ आली. मग हळूच म्हणाली, 'आमचं काय चुकलं का, बाई?'

मी 'नाही' एवढंसुद्धा म्हणाले नाही.