अळणी पान

दिगंबर गेल्याचा फोन आला तेव्हा मी लातूरच्या घरी जेवायला बसलो होतो. ताट झाकले, हात धुतले आणि नांदेडची बस धरली. त्याला आता दीड महिना झाला. तो माझा साडू. माझ्या पत्नीची धाकटी बहीण कौसल्या ही त्याची बायको. मुखेडजवळ त्यांचे शेत आहे. शेतावरून आल्यावर कांदा फोडून त्यावर मीठ भुरभुरल्याखेरीज दिगंबरचे जेवण सुरू होत नसे.

त्याच्या वडिलांना लकवा झाला होता. कित्येक वर्षे ते बाजेवर पडून होते आणि त्यांचे सगळे दिगंबरनेच केले. त्यामुळे स्वतःचा रक्तदाब वाढल्याचे कळले तेव्हा तो मरणापेक्षा बाजेला अधिक भ्याला. डॉक्टरांनी गोळी दिली आणि मीठ कमी करायला सांगितले. आमच्याकडे कमी करणे कुणाला जमत नाही, सोडणे जमते. कौसल्या सोमवारी अळणी जेवते, माझी आई शनिवारी जेवत असे. दिगंबरने खंडोबापुढे नारळ फोडला आणि सातही वार अळणी केले. गावात कौतुक झाले. एकदा मी तिथे असताना कौसल्येने त्याच्या वरणात चिमूटभर मीठ घातले. पहिल्याच घासाला त्याने ताट सरकवले.

"का गं, फसवून राहिलीस का मला?"

"चिमूटभर हाय. तोंड बघा आरशात, कसं उतरलंय."

"बाजेवर पडलो की तूच म्हणशील, कवा जातंय म्हातारं."

"आत्ताच म्हणून राहिले की."

तो हसला. वरणाला मात्र त्याने हात लावला नाही.

उन्हाळ्यात तो पाय ओढू लागला, बोलता बोलता थांबू लागला. घरच्यांना वाटले, ऊन बाधले. मग तो आणखी पाणी पिऊ लागला. एका सकाळी त्याने कौसल्येला विचारले, "बाई, तुम्ही कुणाच्या?" ... आणि अंगणातच कोसळला. नांदेडच्या दवाखान्यात रक्त तपासले. रक्तदाबाची ती लघवी वाढवणारी गोळी, भरमसाट पाणी आणि अळणी अन्न. तिन्ही मिळून रक्तातले मीठ फार उतरले होते. तरुण डॉक्टर थकलेल्या आवाजात म्हणाले, "कमी करा म्हटलं की लोक बंदच करतात. दर उन्हाळ्यात असे पेशंट येतात." बाटलीतून मिठाचेच पाणी थेंब थेंब जात होते. कौसल्या त्या नळीकडे पाहत राहिली. "दाजी, मोडला ना हो नेम त्यांचा?"

"मोडू दे," मी म्हणालो.

मधे तो शुद्धीवर आला. मला ओळखले. "मी बाजेवर हाय का?" एवढेच विचारले. दवाखान्याच्या पलंगावर आहेस, असे मी सांगितले. त्याला ते पटले असावे... मी लातूरला परतलो आणि पुढे त्याच्या छातीत कफ भरला.

तेराव्याला त्याच्या नावाचे पान वाढले. नैवेद्याच्या पानात मीठ वाढत नाहीत, हे कौसल्येला कुणी सांगायला नको. सगळे वाढून झाल्यावर तिने पानाच्या वरच्या अंगाला चिमूटभर मीठ ठेवले.

तिची जाऊ म्हणाली, "अगं, निवदाला मीठ न्हाई ठेवत."

"त्यांना ठेवून राहिले मी."

मग आमची पंगत बसली. रक्तदाबाची गोळी मलाही चालू आहे, हे तिला ठाऊक आहे. मिठाची वाटी घेऊन ती माझ्या पानापाशी थांबली.

"थोडं, दाजी?"

"थोडं," मी म्हणालो.