पंगतीवरची देखरेख

दिवेआगरात पद्माकाकूंना कुणी गरीब म्हटलं असतं, तर ऐकणारा हसला असता. समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून त्यांची नारळी-पोफळीची वाडी, दारात झोपाळा, आणि विश्वंभरकाकांचा शब्द गावात चालायचा. मग ते वादळ आलं आणि सगळी बाग आडवी झाली. काकांनी नव्या पोफळी लावल्या, पण त्या धरेपर्यंत ते राहिले नाहीत. मूलबाळ नव्हतं. जमीन दिरांबरोबर सामाईक, म्हणून विकता येईना. खोल्या पर्यटकांना द्याव्यात तर छप्पर गळकं. काकू सकाळी पेज करत आणि संध्याकाळी तीच उरलेली घेत. हे फक्त मैनेला ठाऊक होतं. ती पूर्वी त्यांच्या वाडीत शिंपणं करायची आणि अजून येताजाता डोकावायची.

यंदाच्या ग्रामसभेत सरपंच परेशने विषय काढला. एकट्या राहणाऱ्या किंवा थकलेल्या म्हाताऱ्यांना समाजमंदिरात रोज दुपारी गरम जेवण द्यायचं.

पुढच्या खुर्च्यांवर वाडीवाले होते. त्यातला एक म्हणाला, "फुकट मिळायला लागलं की वाडीत कामाला कोण येईल?"

मागून मैना उठली. "माझ्या आयला दिसत न्हाय. ती कंच्या वाडीत कामाला येनार?"

आवाज चढले. तेव्हा पुढच्या रांगेने पद्माकाकूंकडे पाहिलं. "तुम्ही सांगा काकू. तुम्ही आपल्यातल्या जाणत्या."

जो एकटा आहे त्या प्रत्येकाला द्या, हे काकूंच्या ओठांवर आलं होतं. पण तसं म्हटलं की लोक आपल्या पातळाकडे, चपलांकडे निरखून बघणार, असं त्यांना वाटलं. त्या म्हणाल्या, "जेवण द्यावं. पण खरोखर गरजू असतील त्यांनाच."

ते सगळ्यांना पटलं. मागच्या बाजूची म्हातारी ठमी म्हणाली, "मंग वाडीवाल्यांना नको. त्यांना काय कमी हाय?" तसंच ठरलं. ज्याच्या नावावर वाडी, त्याला ताट नाही.

"आणि दारात काकूच बसतील," परेश म्हणाला. "त्यांच्यावर कुणी शंका घेणार नाही."

काकू दुसऱ्या आठवड्यापासून समाजमंदिराच्या दारात खुर्ची टाकून बसू लागल्या. आत आमटीला फोडणी पडली की त्या पदर नाकाशी धरत. कोण आलं, कोण नाही, एवढंच बघायचं होतं.

एके दुपारी वामनभावजी डबा घेऊन आले. त्यांची वाडी काकूंच्या पलीकडची, तीही वादळात गेलेली. मुलगा पुण्याला, फोनसुद्धा न करणारा.

"शेजारच्या म्हातारीसाठी नेतो, वहिनी. तिला उठवत नाही."

त्यांच्या शेजारी काकूंखेरीज कुणी म्हातारी राहत नव्हती. काकूंना ते माहीत होतं, आणि आतून ठमी मान वळवून बघत होती.

"ज्याने त्याने स्वतः यायचं असतं, भावजी," काकू म्हणाल्या.

वामनभावजींनी डबा पिशवीत ठेवला. "बरोबर आहे तुमचं," म्हणाले आणि रस्त्याला लागले.

त्याच संध्याकाळी काकू परेशकडे गेल्या. "मला नाही जमायचं रे. दुसरं कुणी बघ."

परेशने त्यांना पाट दिला. "काकू, तुम्ही उठलात की वाडीवाले म्हणणार, यात घोटाळा आहे. मग हे महिनाभरही चालायचं नाही. मैनेच्या आईचं काय?"

"आणि तो वाडीचा नियम? तो काढता येईल?"

"तो काढला तर मागचे बिथरतील. 'गरजूंनाच' हे तुम्हीच तर म्हणालात." तो मवाळपणे हसला. "तुम्हाला काय हो त्याचं?"

काकूंनी पाणी तेवढं घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्या वेळेवर जाऊन बसल्या. मैनेने आईला धरून आणलं, पंगतीत बसवलं आणि वाटीत भात-आमटी घेऊन दारात आली. तिने आवाज खाली आणला. "काकू, भिंतीकडं तोंड करून दोन घास खावा. मी हितं उभी ऱ्हातंय."

वाटीतून वाफ येत होती. पंगतीतल्या दोघी-तिघींनी माना वर केल्या होत्या.

"मी जेवून आल्ये हो," काकू मोठ्याने म्हणाल्या, आणि रस्त्यावरून आणखी कुणी येतंय का ते बघू लागल्या.