पॅलिएटिव्हचं मूळ

आमच्याकडे दवाखान्यातली एक रीत आहे. आजार मोठा निघाला की तो पेशंटला कळू द्यायचा नाही. डॉक्टरांनी नातेवाइकांशी इंग्रजीत बोलायचं, तेही पेशंटच्या तोंडावर. पेशंट धोतर-टोपीतला म्हातारा असला तर मग विचारायलाच नको.

अमरावतीच्या डॉक्टरांनी बाबांचे रिपोर्ट पाहिले, बाबांच्या टोपीकडे पाहिलं आणि मला इंग्रजीत सांगितलं, की आता इलाज नाही, यापुढे फक्त पॅलिएटिव्ह, म्हणजे त्रास कमी करायचा तेवढा. बाबांनी अकोल्यात जुन्या शहरातल्या शाळेत जन्मभर इंग्रजीच शिकवलं होतं. त्यांच्या फळ्यावर रोज एक नवा शब्द असायचा: आधी अर्थ, मग वापर, शेवटी मूळ. घरी जेवतानाही तेच, आम्हा भावंडांना अगदी वीट यायचा.

बाबा डॉक्टरांना थँक्यू म्हणाले आणि उठले.

बाहेर बाकावर आई होती. तिला इंग्रजी येत नाही. बाबा बरे होणार, या एका भरवशावर ती इतके दिवस धावपळ करत होती.

"काय म्हणे डाक्टर? एवढा वेळ काय बोलून राहिले होते?"

मी काही बोलायच्या आत बाबाच म्हणाले, "पॅलिएटिव्ह म्हणे."

"म्हणजे काय?"

कुणी शब्दाचा अर्थ विचारला आणि बाबांनी सांगितला नाही, असं कधी झालं नव्हतं.

"लॅटिनमधला शब्द आहे. पॅलियम, म्हणजे अंगावर घ्यायचं पांघरूण. जपून राहा म्हणते, अंगावर पांघरूण असू द्या म्हणते. दुसरं काई नाही."

मूळ अगदी बरोबर होतं. अर्थ त्यांनी गाळला होता. परतताना गाडीत मला रडू येत होतं आणि रागही, त्या डॉक्टरांचा, त्या रीतीचा आणि बाबांचाही, कारण आता मलाही तोंड शिवून बसावं लागणार होतं.

ऐन मे महिना होता. अकोल्यात कूलरपुढेही जीव नकोसा होतो. आई मात्र रोज दुपारी बाबांच्या अंगावर गळ्यापर्यंत चादर ओढायची आणि कडा नीट खाली खोचायची. "डाक्टरनं सांगतलं ना," म्हणायची. बाबा घामानं निथळत पडून राहायचे. एकदा ती स्वयंपाकघरात गेल्यावर मी चादर काढायला हात घातला, तर त्यांनी कड मुठीत घट्ट धरली.

"राहू दे," ते म्हणाले. "तिच्या जिवाले बरं वाटते."