आधार दाखव बरं
मसाला शेंगदाण्यावर कांदा आणि लिंबू पडलं की त्या वासाने मला बाभुळगाव रस्त्यावरचा एक बार आठवतो. मी तेव्हा वीस वर्षांचा होतो. माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या असलेल्या मित्राला नोकरी लागली, म्हणून तो मला भर दुपारी पार्टीला घेऊन गेला होता. बाहेर उन्हाने डांबर मऊ झालं होतं आणि आत कूलरचा गारवा, लाल दिवे. माझे वडील दारूपायीच गेले होते. माझ्या तोंडाला वास आला असता तर आई काही बोलली नसती, नुसती उपाशी झोपली असती. पण हे मित्राला सांगायचं कसं, ते कळेना. त्याने दोन बिअर मागवल्या. चकण्याची बशी ठेवून वेटर माझ्याकडे बघत राहिला. "आधार दाखव बरं," तो म्हणाला. कार्ड वाचून त्याने परत दिलं. "एकवीस झाल्याबिगर बिअर भेटत नाही, बाबू. मालक मले कामावरून काढन." मित्र हुज्जत घालेल असं वाटलं, पण तो उठलाच. बाहेर उसाचा रस पिताना हळूच म्हणाला, "बरं झालं राजा, मलेबी नव्हती प्याची. पण नोकरीची पार्टी म्हटल्यावर दुसरं काही सुचूनच नाही राह्यलं होतं." आम्ही दोघंही खूप हसलो. रात्री मी आईच्या अगदी जवळ बसून जेवलो. आता कुणी आग्रह केला तर 'मी घेत नाही' एवढं सहज म्हणता येतं. तेव्हा ते माझ्यासाठी एका अनोळखी वेटरने म्हटलं होतं.