शोकेसमधली किटली

हे मी यांनाही कधी सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीलाही नाही, आणि तिला तर मी यांच्याशी झालेलं प्रत्येक भांडण शब्दन् शब्द सांगत आलेय. तुम्हाला सांगतेय, कारण... कारण काही नाही. गेल्या रविवारपासून मी स्वतःवरच चिडून आहे, भांडी आपटतेय, आणि हे विचारतात, काय झालं? काय सांगू?

गोष्ट एवढीशी आहे. एवढीशी म्हणजे खरंच, तळहातावर मावेल अशी एक चिनी मातीची किटली. खेळण्यातली.

ज्योती, माझी एकुलती एक मुलगी, तेव्हा पाच वर्षांची होती. आम्ही तिकडे हिंदी मुलखात, स्टील प्लांटच्या क्वार्टरमध्ये राहायचो. यांच्या खात्यात एक रशियन इंजिनिअर होता. करार संपून ते लोक परत निघाले, तेव्हा त्याची बायको आमच्या घरी आली आणि ज्योतीला आपल्या मुलीचा टी-सेट देऊन गेली. पांढरा, निळ्या फुलांचा, कडेला सोनेरी रेघ. किटली, कप, बश्या, साखरेचं भांडं. बाईला ना हिंदी येत होती ना इंग्रजी. ती सरळ फरशीवर बसली. ज्योतीनं रिकाम्या किटलीतून रिकाम्या कपात चहा ओतला, तर बाईनं आधी फुंकर घातली, मग घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि बोटांनी खूण केली — साखर कमी आहे! ज्योती खिदळली. मग पुन्हा चहा, पुन्हा फुंकर. आणि मी काय करत होते? फरशी पुसलेली नाही म्हणून मनातल्या मनात जळत होते.

बाई गेली. मी सेट धुऊन-पुसून शोकेसमध्ये ठेवला आणि कुलूप लावलं.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? खरंय. तेव्हा प्रत्येक क्वार्टरमध्ये एक शोकेस असायची, आणि तिच्यात लेकरांनी हात न लावायची लेकरांची खेळणी. पण मी बालवाडीत शिकवत होते हो! पालकसभेत उभी राहून मी आयांना सांगायचे — मुलांसोबत खाली बसा, त्यांचा खोटा चहा खऱ्यासारखा प्या, त्यातूनच त्यांचं मन वाढतं. कुठून आणलं होतं मी हे? त्या रशियन बाईला बघून. बघितलं मी, आणि शिकवलं दुसऱ्यांना. घरी ज्योती म्हणायची, “आई, मले खेळाले दे ना ते,” की माझं ठरलेलं — “आत्ता नाही, पोळ्या करून राहिली मी.” पोळ्या झाल्या की कपडे, कपडे झाले की बालवाडीचे तक्ते. ती मग अंगणात बाटल्यांच्या बुचांत माती कालवून चहा करायची आणि एकटीच फुंकर घालून प्यायची. मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं दिसायचं.

विषय टाळतेय मी. कळतंय मला.

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. प्लांटची ती लाल धूळ बंद शोकेसमध्येही कुठून शिरायची कोण जाणे. बायका येणार म्हणून दुपारी मी सेट काढून धुवायला घेतला. हात साबणाचे, आणि किटली सुटली. घरात कुणी नव्हतं, ज्योती शेजारी वैद्यांकडे खेळायला गेलेली. मी तुकडे गोळा केले, कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकले, उरलेला सेट पुन्हा मांडून ठेवला. इथपर्यंत काहीच बिघडलेलं नव्हतं. भांडं आहे, फुटतं.

संध्याकाळी बायका जमल्या. घरात आम्ही आपली नागपूरकडची बोली बोलायचो, पण चार बायका बसल्या की माझी मराठी एकदम पुस्तकी व्हायची. वैद्यकाकूंचं लक्ष शोकेसकडे गेलं. “कावो, याची किटली कुठी गेली?” आणि मी — एक क्षणही न अडखळता, हसत — म्हणाले, “ज्योतीनं फोडली.”

का? तेव्हाही कळलं नाही, आत्ताही कळत नाही. एवढंच असतं तरी ठीक होतं, पण मला थांबवेना. “मी मुळीच रागावले नाही,” मी म्हणाले. “मुलांना वस्तू हाताळू द्यायलाच हव्यात.” ज्या लेकराला मी त्या सेटला बोट लावू दिलं नव्हतं, तिच्याबद्दल हे! बायका कौतुकानं बघायला लागल्या. मला ते आवडलं. फार आवडलं.

ज्योती हलव्याची वाटी घेऊन दारातच उभी होती. म्हणाली, “म्या नाही फोडली.”

अजूनही सावरता आलं असतं. हसून सोडून देता आलं असतं. पण सगळ्यांचे डोळे माझ्याकडे होते, बालवाडीच्या बाई आता काय करतात म्हणून. मी तिला जवळ घेतलं, केसांवरून हात फिरवला आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, “बेटा, खरं सांग. आई रागावणार नाही.” ती म्हणाली, नाही फोडली. मी पुन्हा म्हणाले, तितक्याच गोडीनं. पुन्हा. एकदा आवाज चढवला असता तर निदान तिला माझ्यावर चिडता तरी आलं असतं! ती माझ्याकडे बघत राहिली, मग शोकेसकडे, मग आपल्या दोन्ही हातांकडे. आणि हळूच म्हणाली, “फोडली.”

मी तिचा पापा घेतला. “बघा,” मी म्हणाले, “रागावलं नाही की मुलं खोटं बोलत नाहीत.” वैद्यकाकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढे कितीतरी पालकसभांमध्ये मी हा प्रसंग सांगितला. माझा हुकमी प्रसंग होता तो.

ज्योतीनं तो सेट पुन्हा कधीच मागितला नाही. काही दिवसांनी मीच कुलूप काढलं, तरी नाही. अंगणातली बुचंही बंद झाली. मोठी होत गेली तशी काचेचं भांडं दिसलं की हात मागे घ्यायची, म्हणायची, “माह्या हातात काच टिकतच नाही.” तिला बघायला पाहुणे आले तेव्हा चहाचा ट्रे मी नेला. लोकांना वाटलं, मुलगी लाजाळू आहे.

आता ज्योती इथेच हुडको वसाहतीत राहते आणि आम्ही नेहरू नगरमध्ये घर बांधलंय. दर रविवारी ती लेकीला, चिनूला, घेऊन येते. चिनूशी ती हिंदीतच बोलते. गेल्या रविवारी येताना तिनं सुपेल्याच्या बाजारातून चिनूसाठी टी-सेट आणला. स्टीलचा, न फुटणारा. आणि चिनूला पुढ्यात घेऊन गोष्ट सांगायला बसली, की मम्मी छोटी असताना मम्मीनं नानीची सुंदर किटली फोडली होती. किटली किती जड होती, कशी निसटली, केवढा आवाज झाला, सगळं सांगितलं. त्या किटलीला तिचा हात फक्त एकदा लागला होता, त्या बाईच्या समोर. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “पण तू रागावली नाहीस आई. जवळ घेतलंस. लहानपणचं काही आठवायचं म्हटलं की मले पहिले तेच आठवते.”

तिच्याजवळ माझी सगळ्यात चांगली आठवण ती आहे. खरं सांगितलं तर तिच्याजवळ माझं काय उरतं? बघा — लगेच तिच्या भल्याच्या गोष्टी करायला लागले मी. तसं नाहीये. मला भीती वाटली, बस.

आणि एवढ्यावर संपलं असतं तर मी तुमच्याकडे आले नसते. चिनूनं खेळायला माझा एक खरा कप मागितला, मी दिला. तो तिनं खिडकीत ठेवला आणि ती आत पाणी आणायला गेली. ज्योती अंगणात होती. वारा आला, पडदा फुगला, कप खाली आला. मी समोर पलंगावर बसले होते. मी पाहिलं.

आवाज ऐकून दोघी धावत आल्या. ज्योतीनं तुकडे पाहिले, चिनूला जवळ घेतलं, केसांवरून हात फिरवला. “बेटा, सच बता. मम्मी गुस्सा नहीं करेगी.”

“मैंने नहीं गिराया.”

“सच बता, बेटा.” तितक्याच गोडीनं.

पडद्यानं पडला गं, एवढंच म्हणायचं होतं मला. त्यासाठी जुनं काहीच उकरावं लागणार नव्हतं. पण ज्योतीच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता, आपल्या आईसारखं वागायला मिळाल्याचा. चिनूनं माझ्याकडे पाहिलं. मग आपल्या हातांकडे.

“हां,” ती म्हणाली. “मैंने गिराया.”

ज्योतीनं तिचा पापा घेतला आणि मान वळवून माझ्याकडे बघितलं, जमलं ना आई, अशा नजरेनं. मी हसून मान हलवली.