मेयोच्या कुरणात लागलेला चकवा

आमच्या घरी नवी गाडी मुद्दाम अमावस्येला आणली होती, कारण त्या दिवशी शोरूममध्ये गर्दी नसते. असं घर आहे आमचं. भुतंखेतं, नजर, बाहेरची बाधा असलं काही कुणी सांगायला लागलं की मी फाटे फोडते, समोरच्याला गप्प करते आणि वर चहा मागते. तेव्हा खालचं वाचून माझे बाबा हसतील... हसू देत.

सप्टेंबर २०२१. मी पुण्याची, केतकी गुहागरची. दोघी आयर्लंडमध्ये मास्टर्स करत होतो आणि एका खोलीत राहत होतो. वर्षभर कॉलेज म्हणजे लॅपटॉपच होता. निर्बंध सैल झाल्यावर कॉलेजने आम्हा परदेशी मुलांसाठी सहल काढली. विषय आयरिश संस्कृती आणि इतिहास, ठिकाण मेयो काउंटी. आम्हाला इतिहासाचं फार प्रेम होतं अशातला भाग नाही, पण स्क्रीनबाहेरची माणसं दिसणार होती.

घोळ एकच होता. त्याच दुपारी केतकीचा व्हिडिओवर इंटरव्ह्यू होता. मेयोतल्याच कासलबार गावाजवळची मेडिकल डिव्हाइस बनवणारी कंपनी, शेवटची फेरी. बाकी सगळीकडून नकार आलेले. ही नोकरी गेली की बॅग भरून घरी परत जायचं, असं तिने ठरवून टाकलं होतं. आमच्या शिक्षिका ऊना (तिथे शिक्षकांनाही नावानेच हाक मारतात) फार चांगल्या. त्यांनी सहलीच्या वाटेवरच्या एका पबमधली मागची खोली तिच्यासाठी सांगून ठेवली होती.

इंटरव्ह्यूच्या आधी शेवटचं ठिकाण म्हणजे एक कुरण. चारी बाजूंनी दगडी गडगा, थेट कोकणातल्यासारखा. आत जायला एकच लोखंडी गेट, गेटबाहेर आमची पिवळी बस, रस्त्यापलीकडे तो पब. कुरणाच्या मधोमध मातीचा गोल बांध आणि त्यात एक वाकडंतिकडं काटेरी झाड. अशा जागा 'त्यांच्या' असतात, ऊना म्हणाल्या. म्हणजे नजरेला न दिसणाऱ्या लोकांच्या. शेतकरी ट्रॅक्टर वळसा घालून नेतील, पण झाडाला हात लावणार नाहीत. "त्यांच्या वाटेला जाऊ नका, म्हणजे सगळं ग्रँड."

बाकीचे सँडविच खायला गेटकडे वळले. केतकी तिथेच हात जोडून उभी.

"अगं, काय करतेयस?"

"पाया पडतेय. इंटरव्ह्यू आहे."

"हे काय औदुंबराचं झाड आहे?"

"झाड आहे, भोवती पार आहे. अजून काय पाहिजे?" असं म्हणून बाईसाहेबांनी प्रदक्षिणा सुरू केल्या. एकटीला कसं सोडायचं म्हणून मागोमाग मीही. तोंडाने टोमणे चालूच होते.

प्रदक्षिणा झाल्या, आम्ही गेटकडे निघालो. गडग्यापाशी पोचलो तर गेट नाही. थोडं पुढे असेल म्हणून गडग्याला हात लावून चालत राहिलो. गेट नाहीच. बसही दिसेना, कुणाचा आवाजही येईना. लख्ख ऊन होतं, धुक्याचा मागमूस नव्हता. पाठीवर निळा रंग फासलेली एक मेंढी वाटेत भेटली. बरंच चालल्यावर तीच पुन्हा भेटली. मग आणखी एकदा.

"उतार आहे ना, त्यामुळे बस दिसत नाहीये," मी ठासून सांगितलं आणि गडग्यावर चढले. पलीकडे तसंच कुरण होतं. मधोमध तसाच बांध आणि तसंच झाड. मी खाली उतरले आणि फोन काढला. नेटवर्क नव्हतं.

केतकी मटकन खाली बसली आणि रडायला लागली. "गेला माझा इंटरव्ह्यू." तिला रडताना पाहून मला स्वतःचाच राग आला, कारण मला काहीच सुचत नव्हतं. मग तिने नाक पुसलं आणि एकदम म्हणाली, "ऋजू, हा चकवा आहे."

"चकवा कोकणात लागतो."

"मग हे काय पुणे आहे?"

तिच्या बाबांना म्हणे एकदा स्वतःच्याच काजूच्या बागेत चकवा लागला होता. त्यांनी अंगातला शर्ट काढून उलटा घातला आणि वाट सापडली. तिने जॅकेट उलटं करून चढवलंसुद्धा. मी कुरकुर करत माझंही उलटं केलं, चेन लावली आणि मान वर केली.

गेट समोर होतं. हात लांब केला तर लागेल इतकं जवळ, आणि सताड उघडं. गेटला टेकून ऊना सँडविच खात होत्या.

"तुमचं फिरणं झालं का?" त्या म्हणाल्या. "गेटला हात लावून पुढे जाताय काय, हाक मारली तर बघत नाही काय. मला वाटलं, हाही तुमच्या पूजेचाच भाग आहे." मग त्यांचं आमच्या जॅकेटांकडे लक्ष गेलं आणि त्या चावायच्या थांबल्या. "कोट उलटा करायला कुणी सांगितलं?"

"माझ्या बाबांनी."

"हे तर आमच्याकडचं आहे." त्यांच्याकडे म्हणे एक भुलवणारं ढेकूळ असतं. त्यावर पाय पडला की माणूस आपल्याच शेतात अडकतो, आणि उपाय हाच. केतकी "नाही, आमच्याकडचं" म्हणून वाद घालायला लागली. मी तिला दंडाला धरून पबकडे पळवलं.

वेळ केव्हाच टळून गेली होती. लॅपटॉप उघडला तर समोरून कुणी आलेलंच नव्हतं. थोड्या वेळाने एक मध्यमवयीन गृहस्थ स्क्रीनवर आले, घामाघूम. मी बाजूला, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी बसले होते.

"माफ करा," ते म्हणाले. "घरचं इंटरनेट गेलं म्हणून ऑफिसला निघालो. आणि हसू नका, पण माझ्याच वसाहतीतून बाहेर पडायचा रस्ता सापडेना. तिथेच लहानाचा मोठा झालोय मी."

केतकी हसली नाही. ते तिच्या जॅकेटकडे बघत होते. आतला खिसा बाहेर लोंबत होता. ती त्यांच्या स्वेटरकडे बघत होती. मीही तिकडे पाहिलं. सगळी शिवण बाहेर होती, मानेपाशी लेबल डोकावत होतं.

"सुरू करू या?" ते म्हणाले.

नोकरी मिळाली. इंटरव्ह्यू छान झाला म्हणूनच मिळाली, हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. घाईत माणूस स्वेटर उलटा घालतो, हेही मी मान्य करते. पण ते गेट? पलीकडचं ते झाड? मी बरेच फाटे फोडून पाहिले, एकही उत्तर टिकत नाही. ते गृहस्थ आता केतकीचे बॉस आहेत, फार भला माणूस. त्या दुपारबद्दल दोघांनी आजवर चकार शब्द काढलेला नाही. मी दर फोनवर तिच्या मागे लागते, "अगं, विचार ना त्यांना एकदा." ती म्हणते, "तू ये आणि विचार. मला नोकरी टिकवायचीय."