लेकीच्या मागची सीट

लेक सातव्या महिन्यात बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा तिला आणायला आम्ही दोघं सिकंदराबाद स्टेशनवर गेलो. यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून गाडी मीच चालवते. मागे बसलं की लेकीला मळमळतं, म्हणून ती पुढे, माझ्या शेजारी. बेल्ट तिनं पोटाखालून नीट घेतला. हे तिच्या बरोब्बर मागे, ऐसपैस.

“अहो, बेल्ट!” मी म्हटलं.

“मागं कोण लावतं गं?”

“कायदा आहे. मागच्यांनाही सक्ती आहे.”

“कायदा पोलिसाला दाखवायला असतो. माझा जीव, माझी जबाबदारी. सरकारला कायकू परेशानी?”

घ्या! आणि लावणार तरी काय? गाडी नवी होती तेव्हा सीट मळू नये म्हणून यांनीच रेक्झिनचं कव्हर शिवून घेतलं, त्यात मागची बकलं पार गाडली गेली. लेक फोनवर कितीदा म्हणाली, बाबा, दुकानात जाऊन तेवढं उसवून घ्या. हे आपले ‘बघू, बघू’.

माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. एवढा धिप्पाड माणूस, मोकळा, आणि पुढे माझी दोन जिवांची पोर. आरशात बघायची आणि गाडी आणखी हळू करायची. मागचे हॉर्नवर हॉर्न मारत होते. मारा म्हटलं.

फ्लायओव्हर उतरताना एक स्कूटरवाला उलट्या बाजूनं थेट अंगावर आला. मी ब्रेकवर उभीच राहिले. मागून धाडकन आवाज झाला. हे खांद्यासकट लेकीच्या सीटवर आदळले होते. “आई गं!” एवढंच ती ओरडली, आणि दोन्ही हात पोटावर ठेवून गप्प झाली.

अगं, बोल की काहीतरी! तो मेला स्कूटरवाला कधीच पसार झाला होता. मी दवाखाना कसा गाठला, देवाला ठाऊक.

डॉक्टरीणबाई पोटावर यंत्र फिरवत होत्या आणि काहीच ऐकू येत नव्हतं. “थांबा जरा,” त्या म्हणाल्या. इतकी मी जन्मात कधी घाबरले नव्हते. यांच्याकडे बघायचीसुद्धा भीती वाटत होती, बघितलं असतं तर मी काय बोलून बसले असते कोण जाणे. मग आले ठोके, घाईघाईनं, एकामागून एक. मी तिथंच रडायला लागले.

बाहेर आलो. लेक पुढे बसली, बेल्ट लावला. यांनी मागचं दार उघडलं तशी ती वळून न बघताच म्हणाली, “बाबा, माझ्या मागं नका बसू.”

हे थबकले. “हौ, बरोबर आहे. मग तुझ्या आईच्या मागं बसतो.”

लेकीनं आता वळून त्यांच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. यांनी हळूच दार लावलं आणि रस्त्यावरच्या रिक्षाला हात केला.